सोनेरी झाकणाची बरणी

आमच्या तलश्शेरीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे पेटीवरून कळतं. नवरा आखातातून सुट्टीवर आला की टॅक्सीच्या टपावर दोरीने आवळलेली पेटी असतेच. ती आधी बायकोच्या दारात उतरली तर सगळं ठीक. त्याच्या आईच्या दारात उतरली की गल्लीतल्या बायका दुपारची झोप सोडून खिडकीला येतात. इथे मुलगी लग्नानंतरही आपल्या आईच्याच घरी राहते आणि जावई तिच्याकडे येऊन राहतो. त्याला पुय्यापिळा म्हणायचं, म्हणजे नवरदेव. साठी उलटली, दात पडले, तरी नवरदेवच! आणि हा नवरदेव रुसला की भांडत बसत नाही, सरळ आपल्या आईकडे जाऊन राहतो. मग बायकोच्या घरच्यांनी तोंड लपवत फिरायचं.

तर ही मरियूची गोष्ट. मरियू म्हणजे बंदराकडच्या गल्लीतली पत्तिरीवाली. बाप गेला तेव्हा ही चुलीपाशी बसली ती बसलीच. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, हात भाजेपर्यंत मळायची, पातळ लाटायची आणि तव्यावर एकही डाग न पडू देता पांढरीशुभ्र भाजायची. गावात कुणाचंही लग्न असो, पाहुणा ताटावर बसला की आधी विचारणार, "पत्तिरी मरियूकडची आहे ना?" लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्याने, नौफलने, एकदा म्हणून पाहिलं, आता कशाला तव्यापुढे मरतेस, मी आहे ना कमावायला. ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मी काय हात बांधून बसू?" पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

नौफल दोहाला. आधी एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर होता, मागच्या सुट्टीनंतर त्याला त्यांच्याच थंड गोदामात टाकलं. माणूस गरीब, मोजकं बोलणारा. जे काय वाटायचं ते पेटीत भरून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवून द्यायचा. पेटी उघडायचा मान मरियूच्या आईचा, कुंजीबीउम्माचा. वाटणी तिच्याच हाताने. साबण मामांना, अत्तराच्या चिमुकल्या बाटल्या शेजारणींना, आणि अंगाला लावायचं जे सगळ्यात घट्ट ते लेकीला. घट्ट म्हणजे मानाचं, पातळ म्हणजे वाटून टाकायचं, हा उम्माचा कायदा. उम्माचा कशाला, अख्ख्या गल्लीचाच.

त्या कायद्याने मरियूच्या वाट्याला सोनेरी झाकणाची जड काचेची बरणी आली. आत उदाच्या वासाचं क्रीम, असं घट्ट की बरणी उलटी धरली तरी हलायचं नाही. उम्मा येईल त्या बाईला बरणी उलटी करून दाखवायची. आणि सोबत आलेली दांडी दाबून घ्यायची साधी प्लास्टिकची बाटली, पाण्यासारख्या लोशनची, ती गेली जानूएच्चीला. जानूएच्ची शेजारच्या आळीतली, मरियूबरोबर पत्तिऱ्या लाटायला यायची.

मरियूची कातडी लहानपणापासून तऱ्हेवाईक. पोटऱ्यांवर खवले, आणि पिठापाण्यात राहून हात खरखरीत. बायका हसायच्या. "अगं, इथली हवा पिळली तर बादली भरेल, तुला कसला आलाय कोरडेपणा?" आता घाम येणं वेगळं आणि कातडी मऊ असणं वेगळं, हे त्यांना कोण सांगणार! घाम वरून वाहायचा आणि खाली कातडी आपली ताणलेलीच. म्हणून बरणी आली तेव्हा मरियू मनापासून खूश झाली. आंघोळ केली, भरपूर क्रीम घेतलं, मानेपासून पायापर्यंत चोपडलं आणि तव्यापुढे बसली.

मे महिना. समोर चूल, बाजूला उकडीची वाफ. क्रीम आत जाईना आणि घाम बाहेर पडेना. तिच्या काळ्यासावळ्या अंगावर पांढुरका थर बसला.

"बघ, कशी उजळलीस!" उम्मा म्हणाली.

"उम्मा, पुसलं की जातंय ते."

"मग पुसू नकोस."

थोड्याच दिवसांत मानेवर, पाठीवर, कोपराच्या आत लाल पुरळ उठलं. रात्रंदिवस खाज. उम्माने आंघोळीआधी खोबरेल चोळायला लावलं आणि आंघोळीनंतर पुन्हा वरून क्रीम. पुरळ आणखी पसरलं. मग दोष आंब्याला दिला, मग कोळंबीला, मग मरियूच्या तापट डोक्याला. बरणीला मात्र कुणी नाव ठेवेना. ती दोहाहून आली होती, पुय्यापिळ्याने पाठवली होती, ती कशी वाईट असेल? शुक्रवारी नमाजानंतर नौफलचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "लावलंस का?" मरियू मान खाजवत म्हणायची, "हो."

आणि एक दिवस गावातल्या बड्या हाजींच्या घरून पत्तिऱ्यांची टोपली परत आली.

पत्तिरी परत येणं म्हणजे काय हे मरियूला माहीतच नव्हतं. हाजींच्या म्हाताऱ्या बायकोने ड्रायव्हरच्या तोंडी निरोप धाडला होता आणि त्या मेल्याने तो दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला. "मटणाच्या रश्श्यात पत्तिरी बुडवली की उदाचा वास येतो. आम्ही जेवायला बसलोय की कबरीपाशी फातिहा वाचायला? लग्नाच्या पत्तिऱ्यांचं आम्ही दुसरीकडे बघतो."

हाजींच्या नातीचं लग्न म्हणजे गावजेवण. ते हातचं गेलं तर बाकीचीही एकेक करून जाणार. मरियूने हात नाकाशी नेले. लिंबाने चोळले, राखेने चोळले, वास जाईना. मग आत गेली, सोनेरी झाकण करकचून आवळलं आणि बरणी कपाटावर पार भिंतीकडे ढकलून दिली.

"हे आजपासून बंद."

कुंजीबीउम्माने देवाला हाक मारत छातीला हात लावला. "पडच्चोने! पुय्यापिळ्याने पाठवलेलं टाकतेस? त्याला काय वाटेल? त्याची आई काय म्हणेल?"

"माझ्या पाठीला काय वाटतंय ते विचारलंस कधी?"

"पुरळ काय, आज आहे उद्या जाईल. नवरा रुसला तर?"

"आणि माझी पत्तिरी गेली तर? उम्मा, ह्या हातांनी तुझं घर चाललंय. ह्यांना वास येऊन चालणार नाही."

उम्मा पुटपुटत देवघरात जावं तशी आपल्या नमाजाच्या चटईकडे गेली. मरियू तिरीमिरीत पुन्हा लाटायला बसली आणि तेव्हा तिचं लक्ष जानूएच्चीच्या हातांकडे गेलं. दोघी एकाच परातीतलं पीठ घेत होत्या. जानूएच्चीचे हात गुळगुळीत. पुरळ नाही, वास नाही.

"जानूएच्ची, तू अंगाला काय लावतेस गं?"

"काय म्हणजे? तुमच्याकडचंच. ते पाण्यासारखं, तुमच्यात कुणी घेईना म्हणून मला दिलं ते."

"उद्या घेऊन ये."

उम्मा चटईवरून ओरडली, "दिलेलं परत मागतेस? लाज आहे की नाही?"

"नाही!" मरियू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आंघोळ करून अंग ओलसर असतानाच डाव्या हाताला बरणीतलं क्रीम लावलं आणि उजव्या हाताला जानूएच्चीच्या बाटलीतलं. कोपराच्या आतल्या बाजू कोरड्याच ठेवल्या. मग दोन्ही बाह्या वर करून तव्यापुढे. दुपारपर्यंत डावा हात चिकट, त्याला पीठ लागून लागून त्याच्या वळकट्या झालेल्या. उजव्या हाताला काही लावलंय हे आठवून बघावं लागत होतं. तिने उजव्या हातावर चिमूटभर पीठ टाकलं आणि फुंकर मारली. पीठ उडून गेलं, खाली हात स्वच्छ. डाव्यावर टाकलं, ते तिथेच घर करून बसलं. मरियू एकटीच मोठ्याने हसली.

जानूएच्चीची बाटली संपत आली होती. मरियू कनवटीला पिठाची पुडी बांधून बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिला ओळखलं. सगळ्या बायांना तो इत्ता म्हणायचा, म्हणजे ताई. आखातवाल्याची बायको म्हटल्यावर काचेच्या कपाटातल्या जाड बरण्या पुढे मांडल्या.

"हे नको. पातळ दाखव. बिनवासाचं."

"इत्ता, ते खालच्या फळीवर आहे. तुमच्यासाठी ते कशाला?"

"खालच्या फळीवरचंच हवंय. सगळं काढ."

उघडलेल्या नमुन्याच्या बाटल्यांतून तिने मनगटापासून कोपरापर्यंत एकेक थेंब लावला, चोळला, जरा थांबली, आणि पुडी सोडून प्रत्येकावर पीठ टाकून फुंकर मारली. काउंटर पांढरा झाला. मागे उभा असलेला खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस खोकायचं विसरला. ज्यावरून पीठ साफ उडालं आणि नाकाला काही लागलं नाही, ती बाटली मरियूने उचलली. "हे बघ," तिने दुकानदाराला सांगितलं, "उद्या कुणी चुलीपुढे बसणारी बाई आली तर तिला वरच्या फळीवरचं दाखवू नकोस."

पुरळ बसलं. पोटऱ्यांचे खवले गेले. मरियूने स्वतः टोपली घेऊन हाजींचं घर गाठलं, म्हातारीच्या नाकासमोर दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "घ्या, हुंगा." म्हातारीने हुंगले, पत्तिरी तोडून रश्श्यात बुडवून खाल्ली, आणि लग्नाचं काम परत मरियूकडे आलं.

पण खरी कसोटी शुक्रवारी होती. फोनवर नौफलने विचारलं, "लावलंस का?" या खेपेला मरियूने "हो" म्हटलं नाही.

"इक्का, मी ते बंद केलंय. मला ते मानवत नाही. अंगावर पुरळ उठलं, पत्तिरी परत आली. पुन्हा पाठवू नका."

पलीकडून तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सुट्टी तर जवळ आलेली. उम्माने जेवण टाकलं. मरियू तव्यापुढे बसून पत्तिऱ्या जरा जास्तच जोरात लाटत राहिली. तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, पण भीती वाटते असं ती म्हणाली असती तर उम्माने त्याच क्षणी बरणी खाली काढली असती.

अशात नौफलची आई, बीफात्तू अम्मायी, येऊन थडकली. आली ती सरळ मरियूला मिठी मारायला. मिठी कसली, आमच्यात ती हुंगायची रीत आहे. सुनेच्या मानेशी नाक नेलं की मुलाने काय पाठवलं ते कळतं. अम्मायीने नाक नेलं आणि मागे झाली.

"काहीच वास नाही! माझा मुलगा पाठवत नाही, की तू कुणाला वाटून टाकतेस?"

"कपाटावर आहे, अम्मायी. नेऊन लावा. दोन दिवसांत तुम्हीही खाजवायला लागाल."

"तोंड बघा हिचं! तो तिकडे मरमर मरतो, आणि हिला त्याची वस्तू टोचते! एवढं लावूनही काळी ती काळीच राहिलीस, म्हणून राग काढतेस होय?"

"काळी आहेच. काळी होते तेव्हाच तुम्ही मागणी घालायला आला होतात. हे अंग माझं आहे, ह्यात राहते मी. ह्याला काय लावायचं ते मी ठरवणार, आणि नवरा रुसला तर त्याच्याशी मी बोलेन. तुम्ही चहा घेणार का?"

अम्मायीने चहा घेतला नाही.

नौफल आला. टॅक्सी बंदराच्या रस्त्याने आली, गल्लीच्या तोंडाशी हळू झाली, आणि पुढे निघून गेली. पेटी अम्मायीच्या दारात उतरली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. उम्मा आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन पडली. मरियू ओट्यावर येऊन उभी राहिली, खिडक्यांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "झालं ना बघून? आता जा, भात करपतोय तुमचा." आत आली, दार लावलं आणि मग मात्र भिंतीला टेकून रडली.

शुक्रवारी दुपारी नौफल आला. बरोबर अम्मायी, साक्षीदारासारखी. हातात बरणी. तीच, सोनेरी झाकणाची, पण आधीच्यापेक्षा मोठी. उम्मा धडपडत उठली. नेय्यचोरू म्हणजे तुपातला भात, मटण, अंड्याच्या पिवळ्या माळा, जे काय घरात होतं ते सगळं मांडलं. रुसलेला का होईना, पुय्यापिळा आला होता. रिवाजाप्रमाणे मरियू चोचीची किंडी घेऊन त्याच्या पायांवर पाणी घालायला वाकली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

पाणी पडलं तसा नौफल कळवळला. "स्स!"

मरियूने खाली बघितलं. टाचांना भेगा, अगदी खोल, एकीतून रक्त आलेलं. घोट्यापर्यंत कातडी पांढरी, फुटलेली. हाताची बोटंही सांध्यांवर तडकलेली. मागच्या सुट्टीत यातलं काही नव्हतं. फोनवर तर तो नुसतं तोंड दाखवायचा.

"हे काय?"

"काही नाही. गोदामात सगळ्यांचंच होतं. आत बर्फ, बाहेर वाळवंट. कातडी फाटते."

"मग लावता काय?"

"काय लावणार? कामावर मोजे घालतो."

मरियूने किंडी खाली ठेवली. "ही बरणी तिकडे कोण घेतं?"

"सगळेच घेतात. फार चांगली आहे गं. फाटलेल्या टाचा आठवड्यात भरून येतात. मॅनेजर तर म्हणतो, याच्याशिवाय..." तो बोलता बोलता थांबला.

"तुम्ही कधी लावलंत?"

"मी? मी कसं लावू? ते तुझ्यासाठी घेतलेलं असतं."

हे ऐकलं मात्र, मरियूच्या डोक्याचा ताबा सुटला. डोळ्यांत पाणी आणि तोंडात आग. "अहो, अक्कल कुठे ठेवता तुम्ही? फाटक्या टाचेचं औषध घामाने निथळणाऱ्या बाईला पाठवता, आणि स्वतः रक्ताळलेल्या पायाने बर्फात उभे राहता? वर मी लावत नाही म्हणून रुसता? मी का नाही लावत, तर मला ते नको आहे! कुणाला हवं होतं, बघा! खाली बघा!"

"हळू बोल, लोक ऐकतील," उम्मा कुजबुजली.

"ऐकू देत!"

तिने नौफलला पायरीवर बसवलं, बरणीचं झाकण फिरवलं, वरचा चकचकीत कागद टराटरा फाडला आणि बोटं भरून क्रीम काढलं.

"पडच्चोने!" उम्मा किंचाळली. "मानाची वस्तू पायाला?"

अम्मायीही पुढे झाली. "अगं, मी काय म्हणते, दोहाची बरणी तू..."

"पाय तुमच्या मुलाचे आहेत, अम्मायी. आधी बघा तरी."

अम्मायी वाकली. गुडघे दुखायचे तिचे, तरी वाकली, आणि मुलाची टाच हातात घेऊन बघितली. तीन दिवस तो तिच्या घरात होता आणि तिने त्याला फक्त वाढलं होतं. ती तिथेच जमिनीवर बसली, दुसरा पाय मांडीवर घेतला आणि बरणीत हात घातला.

मग सुनेकडे न बघता म्हणाली, "जास्त घे गं. चिक्कूपणा करू नकोस."

नौफल पायरीवर बसून होता. दोन बाया दोन पायांना लागलेल्या, बिचाऱ्याला हलताही येईना. भेगांना झोंबत होतं म्हणून की कशाने कोण जाणे, त्याचे डोळे वाहत होते. त्या दिवशी तो परत आईकडे गेला नाही. संध्याकाळी पेटीच इकडे आली, तीही सगळ्या खिडक्यांसमोरून.

सुट्टी संपायच्या सुमाराला टाचा बऱ्याच भरून आल्या. मरियूने कपाटावरची बरणी काढली, या खेपेच्या पेटीतून आत्याकडे, मामीकडे गेलेल्या बरण्या मागून आणल्या, आणि लोणच्याच्या डब्याशेजारी एकेक करून पेटीत रचल्या.

उम्मा कपाळाला हात लावून बसली होती. "दोहाचा माल परत दोहाला! अशी उलटी पेटी कुणी पाठवली होती का कधी गावात?"

"मी पाठवतेय ना. दोरी धर."

नौफल गेल्यावर पहिल्या शुक्रवारी फोन वाजला. मरियू तव्यापुढेच होती, हात पिठाचे. जानूएच्चीने फोन उचलून तिच्यासमोर धरला. पडद्यावर नौफल, मागे खाटांची रांग, खोलीतली माणसं इकडेतिकडे लवंडलेली.

नौफलने तोंड उघडायच्या आत मरियूने विचारलं, "लावलंत का?"

"हो."

"दाखवा."

"अगं, इथे सगळे आहेत."

"दाखवा म्हटलं ना!"

फोन हलला, छत दिसलं, खाट दिसली, मग टाच आली. तेलकट, तुकतुकीत, भेग मिटत आलेली. मागे माणसं खो खो हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, बायकोला पाय दाखवतोय बघा रे! नौफलने घाईघाईने पाय ओढून घेतला.

"हसू देत त्यांना," मरियू म्हणाली. "त्यांच्या टाचा कशा आहेत?"

पलीकडचं हसणं थांबलं. मागच्या खाटेवरच्या एका पोक्त माणसाने हळूच पाय चादरीत ओढून घेतले, ते मरियूने बघितलं.

"बरणी उघडा," ती म्हणाली. "आणि एकेकाला समोर बसवा."